मागितलेला भाव आणि मिळालेला भाव

१९९६ साली ब्रिटनमध्ये थॉर्सन्स या प्रकाशनाने ‘ग्रीनवुड टॅरो’ नावाचा पत्त्यांचा संच काढला. मांडणी मार्क रायन यांची, चित्रं चेस्का पॉटर यांची. अरण्य, प्राणी आणि युरोपच्या प्राचीन लोकधर्मातल्या प्रतिमा यांनी भरलेला हा संच तेव्हा एखाद्या चांगल्या सचित्र पुस्तकाच्या किमतीत दुकानात मिळत होता. पुढे छपाई थांबली. २०११ मध्ये रायन यांनीच जॉन मॅथ्यूज यांच्याबरोबर त्याच कल्पनेवर ‘वाइल्डवुड टॅरो’ काढला. त्याची चित्रं विल वर्दिंग्टन यांची. तो सहज मिळतो आणि बेताच्या किमतीत मिळतो. तरीही मूळ ग्रीनवुडसाठी शेकडो डॉलर मागितले जातात आणि देणारेही भेटतात. अशा संचाचा वाजवी भाव कोणता? खोक्यावर छापलेल्या किमतीला चिकटून राहायचं, की विकणारा सांगेल त्या आकड्याला मान डोलवायची? हौशी संग्राहक या प्रश्नापाशी नेहमी अडतात आणि बहुतेक वेळा त्याचं उत्तर चुकीच्या जागी शोधतात.

मुंबई-पुण्यात टॅरोच्या पत्त्यांवरून भविष्य पाहणारे आता पुष्कळ आहेत. त्यांच्यातल्या कित्येकांना चित्रांचाही नाद लागतो. मग छपाई थांबलेला एखादा संच परदेशातल्या विक्रेत्याकडून मागवला जातो आणि पोस्टेज, आयात शुल्क धरून बरीच मोठी रक्कम खर्ची पडते. पण हा विषय फक्त त्यांच्यापुरता नाही. छपाई थांबलेलं पुस्तक, जुनी तबकडी, बंद पडलेल्या मासिकाचा अंक अशा सगळ्या वस्तूंपुढे हाच पेच असतो, कारण त्यांचा भाव ठरवणारा कारखानदारही उरलेला नसतो आणि रोज उघडणारा बाजारही नसतो. माझं म्हणणं असं, की अशा वस्तूचा वाजवी भाव शोधून काढता येतो आणि तो पुराव्याने शोधावा लागतो. तेच मुद्रण, त्याच अवस्थेत, दोन्ही बाजूंना सारखीच माहिती असताना प्रत्यक्ष ज्या रकमेला विकलं गेलं, ती रक्कम म्हणजे वाजवी भाव. यातला एकही शब्द गाळला तर भाव वाजवी राहत नाही.

आधी ‘प्रत्यक्ष विकलं गेलं’ हे पाहू. संगणकाच्या पडद्यावर दिसणारा आकडा हा मागितलेला भाव असतो, आणि मागायला कोणाचीच आडकाठी नसते. शिवाय पडद्यावर जे दिसतं त्यात एक मूलभूत खोट असते. रास्त भावात ठेवलेला संच हातोहात जातो आणि यादीतून नाहीसा होतो. अव्वाच्या सव्वा भावाचा संच महिनोन्‌महिने तिथेच पडून राहतो. त्यामुळे कोणत्याही दिवशी पाहिलं तरी समोर मुख्यतः न विकले गेलेलेच भाव दिसतात. नवा विक्रेता येतो, हीच यादी पाहतो, तिच्याजवळचा आकडा लावतो आणि तोही तिथेच अडकून बसतो. एकाही खऱ्या सौद्याशिवाय ‘बाजारभाव’ असा वर सरकत राहतो.

२०११ मधलं एक उदाहरण या बाबतीत फार बोलकं आहे. पीटर लॉरेन्स यांचं ‘द मेकिंग ऑफ अ फ्लाय’ हे माशीच्या गर्भविकासावरचं पुस्तक छापणं बंद झालं होतं. अ‍ॅमेझॉनवर दोन विक्रेत्यांनी त्याच्या नव्या प्रती ठेवल्या होत्या आणि दोघांनीही भाव लावण्याचं काम संगणकावर सोपवलं होतं. एकाचा भाव दुसऱ्याच्या भावापेक्षा किंचित कमी ठेवला जायचा, दुसऱ्याचा पहिल्याच्या सुमारे १.२७ पट. दोन्ही आकडे रोज एकमेकांना ढकलत राहिले आणि एप्रिलमध्ये एका प्रतीचा भाव २ कोटी ३६ लाख डॉलरच्या वर गेला. बर्कलीतले जीवशास्त्रज्ञ मायकेल आयझन यांनी हा सगळा चढ दिवसागणिक नोंदवून ठेवला. चूक लक्षात आल्यावर तोच भाव शंभर डॉलरच्या आसपास उतरला. या काळात पुस्तकाची ना मागणी बदलली होती, ना दुर्मीळता. टॅरो-संचांचे भाव इतके भरकटत नाहीत. पण एकाचा मागितलेला भाव दुसऱ्याने पुरावा म्हणून धरला की आकडे कसे फुगतात, हे या उदाहरणात उघड्यावर दिसतं.

संगणकाच्या जागी माणूस असला तरी मागणारा जास्तच मागतो, आणि त्यासाठी त्याची नियत खोटी असावी लागत नाही. डॅनियल काहनेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेले कॉफीच्या मगांचे प्रयोग अर्थशास्त्रात गाजलेले आहेत. काही विद्यार्थ्यांना मग भेट दिले, काहींना दिले नाहीत. मग हाती असलेल्यांना तो किती पैशांत विकाल असं विचारलं आणि नसलेल्यांना किती पैशांत घ्याल असं. विकणाऱ्यांचा आकडा घेणाऱ्यांच्या आकड्याच्या दुपटीच्या घरात निघाला. मग साधा, नुकताच हातात आलेला. दहा-पंधरा वर्षं जपलेल्या, रेशमी कापडात गुंडाळून ठेवलेल्या संचाच्या बाबतीत हा फरक किती वाढेल याचा अंदाज करता येतो. विकणाऱ्याला आपला आकडा मनापासून न्याय्य वाटतो, म्हणून त्याचं म्हणणं प्रामाणिक असूनही पुरावा ठरत नाही.

पुरावा झालेल्या विक्रीचा असतो, आणि तो मिळतो. ईबेसारख्या ठिकाणी विकल्या गेलेल्या वस्तूंची यादी वेगळी पाहता येते. साधारण गेल्या ९० दिवसांचे सौदे तिथे दिसतात आणि विक्रेत्यांसाठीच्या साधनातून आणखी मागेही जाता येतं. मात्र ती यादीही जपून वाचावी लागते. घासाघीस होऊन सौदा ठरला असेल तर तिथे मूळ भाव खोडलेला दिसतो, पण प्रत्यक्ष दिलेली रक्कम दिसत नाही. ती खोडलेल्या आकड्याहून कमीच असते. पोस्टेज कुठे आकड्यात धरलेलं असतं, कुठे वेगळं. लिलावगृहांच्या नोंदींमध्ये हातोडा पडला ती रक्कम एक आणि खरेदीदाराने कमिशनसह मोजलेली रक्कम दुसरी. २००६ साली न्यूयॉर्कमध्ये क्रिस्टीजने टॅरोचे प्रकाशक आणि अभ्यासक स्टुअर्ट कॅप्लन यांच्या पत्त्यांच्या संग्रहाचा लिलाव केला होता. अशा जाहीर विक्रीचे आकडे मोलाचे असतात, पण त्यातला कोणता आकडा आपण कशाशी ताडून पाहतोय याचं भान हवं.

दोन-चार विक्रींवरून निष्कर्ष काढतानाही सरासरी दगा देते. समजा एका संचाचे वर्षभरात सात सौदे झाले: ९०, ९५, ११०, ११५, १२०, १३० आणि ३१० डॉलर. सरासरी येते १३९ डॉलरच्या जवळपास, म्हणजे सातातल्या सहा खरेदीदारांनी दिलं त्यापेक्षा जास्त. मधला सौदा ११५ चा आहे, आणि वाजवी भावाची सुरुवात तिथून व्हायला हवी. ३१० वाला सौदा खोटा असेलच असं नाही. एखाद्या रात्री दोन हट्टी माणसं एकाच संचामागे लागली की बोली अशी चढते. पण विक्रेते आधार म्हणून दाखवतात तो नेमका हाच आकडा, आणि स्वस्तात मिळवू पाहणारे दाखवतात ९० चा. दोघेही खरं तेच सांगतात, पण निवडून सांगतात.

आता ‘तेच मुद्रण’. इथे टॅरोचा विषय खरा खोल जातो. जगभर सर्वाधिक ओळखीचा संच म्हणजे आर्थर एडवर्ड वेट यांच्या मार्गदर्शनाखाली पामेला कोलमन स्मिथ यांनी काढलेला. लंडनच्या विल्यम रायडर अँड सन यांनी तो १९०९ च्या अखेरीला प्रसिद्ध केला. ७८ पत्ते: २२ मोठे, ५६ छोटे, आणि छोट्या पत्त्यांवरही पूर्ण प्रसंगचित्रं. आज हा संच रस्त्याच्या कडेलाही मिळतो. पण सुरुवातीच्या दशकांतली त्याची मुद्रणं अतिशय थोडी उरली आहेत आणि ती एकमेकांसारखी नाहीत. ज्यांच्या पाठीवर गुलाब आणि लिलीची नक्षी आहे, ती अगदी पहिली. त्यानंतरच्यांचे अभ्यासकांनी ‘पॅम ए’, ‘पॅम बी’, ‘पॅम सी’ आणि ‘पॅम डी’ असे चार गट पाडले आहेत. चित्र तेच असतं, पण ते छपाईसाठी पुन्हा उतरवून घेताना रेषा थोडी जाड झालेली असते, चेहऱ्यावरची एखादी रेघ सरकलेली असते, पाठीवरची नक्षी बदललेली असते. भिंग घेऊन सूर्याचा पत्ता न्याहाळणारा माणूस वेडा नसतो, तो मुद्रण ओळखत असतो. १९७१ पासून अमेरिकेत यू.एस. गेम्स सिस्टिम्सने हा संच काढायला घेतला आणि तिथून प्रतींचा महापूर आला. त्यामुळे ‘जुना रायडर-वेट’ एवढ्या वर्णनाला किमतीच्या दृष्टीने काहीच अर्थ नाही. १९१० च्या सुमाराचा संच आणि १९७० च्या दशकातला संच हे दोन वेगळे जिन्नस आहेत, आणि पहिल्याच्या विक्रीचा आकडा दुसऱ्याला लावणं म्हणजे फसवणूकच, अनवधानाने झाली तरी.

अवस्थेचंही तसंच. ७८ पैकी एक पत्ता हरवला तर संचाची किंमत ७८ व्या हिश्श्याने कमी होत नाही, ती कोसळते, कारण तो वापरताही येत नाही आणि संग्रहात मानानेही ठेवता येत नाही. उलट असा अपुरा संच दुसऱ्या अपुऱ्या संचाच्या मालकाला फार मोलाचा असतो, म्हणून तो फेकून देण्याजोगाही नसतो. मूळ खोकं, सोबतची छोटी पुस्तिका, मोठ्या संचाबरोबर आलेलं पुस्तक यांचा प्रत्येकाचा वेगळा भाव असतो. पत्ते पिसून पिसून कडांना आलेला मऊपणा, कोपऱ्यातून सुटलेले पापुद्रे, पाठीवर बोटांचा मळ, उदबत्तीचा वा सिगारेटचा वास, ओलाव्याने आलेला बाक. हे सगळं फोटोत दिसत नाही. ‘छान स्थितीत’ या दोन शब्दांत ते लपतं. वापरलेल्या संचाला कमी भाव मिळतो हे काहींना खटकतं, कारण पत्ते वापरण्यासाठीच तर असतात. मला मात्र ही तफावत रास्त वाटते. न वापरलेल्या प्रती दरवर्षी आणखी थोड्या होत जातात, वापरलेल्या प्रतींमध्ये भर पडत जाते.

बनावट संचांनी या सगळ्यात नवा घोळ घातला आहे. लोकप्रिय संच स्कॅन करून स्वस्तात छापलेले खोटे पत्ते ऑनलाइन दुकानांत उघड मिळतात. ओळखीच्या खुणा साध्या आहेत: मूळ आकाराहून लहान पत्ते, पुस्तिकेऐवजी खोक्यात एक क्यूआर कोड, किनारीवर कापलं गेलेलं चित्र, बारीक रेषांच्या जागी ठिपक्यांची धूसर जाळी, डावी-उजवीकडे सरकलेली पाठ. प्रकाशकाचं नाव आणि हक्कांची ओळ अनेकदा गायब असते. एखादा संच छापणं बंद झालं, की खोटा माल ताडून पाहायला नवा खरा संचही बाजारात उरत नाही, आणि नेमक्या तेव्हाच हे बनावट पत्ते ‘दुर्मीळ’ म्हणून चढ्या भावाने खपतात. विक्रीच्या नोंदींमध्येही ते मिसळतात आणि सरासरी खाली ओढतात. म्हणजे नुकसान घेणाऱ्याचं होतंच, शिवाय खरा संच बाळगणाऱ्या प्रामाणिक विक्रेत्याचंही होतं.

भाव ठरवताना आणखी एक गोष्ट तराजूत टाकावी लागते: हा संच पुन्हा छापला जाण्याची शक्यता. साल्वादोर दाली यांचा टॅरो १९८४ मध्ये मर्यादित प्रतींमध्ये आला आणि वर्षानुवर्षं जाणकारांच्याच आवाक्यात राहिला. २०१९ मध्ये टाशेनने तो पुस्तकासह पुन्हा काढला. किम क्रान्स यांनी ‘द वाइल्ड अननोन टॅरो’ २०१२ मध्ये स्वतःच छापला, २०१६ मध्ये हार्परकॉलिन्सने तो घेतला आणि तो कुठेही मिळू लागला. पुनर्मुद्रण झालं की खरेदीदार दोन गटांत विभागले जातात. ज्यांना चित्रं हवी होती ते नव्या प्रतीवर समाधान मानतात. ज्यांना पहिली आवृत्तीच हवी असते ते मूळ प्रतीसाठी थांबतात. जुन्या भावात दोन्ही गटांची मागणी मिसळलेली असते, म्हणून पुनर्मुद्रणाच्या आधीचे आकडे नंतर चालत नाहीत. ज्या संचाचे चित्रकार हयात आहेत, हक्क त्यांच्याकडेच आहेत आणि लोकांची विचारणा वाढते आहे, त्याच्यासाठी आज मोठी रक्कम मोजणारा नकळत एक पैज लावत असतो की हा परत छापला जाणार नाही. विक्रेत्याला पुनर्मुद्रणाची कुणकुण असेल आणि तो गप्प राहिला असेल, तर तो भाव मला वाजवी म्हणता येत नाही, मागच्या दहा विक्री त्याच आकड्याच्या असल्या तरीही.

या पद्धतीला मर्यादा आहे आणि ती मान्य करायला हवी. जिथे दुसरी प्रतच नसते तिथे ती चालत नाही. पंधराव्या शतकातला, ७८ च्या ७८ पत्ते शाबूत असलेला ‘सोला बुस्का’ टॅरो इटलीच्या सरकारने २००९ मध्ये ८ लाख युरोंना घेतला आणि मिलानच्या ब्रेरा कलादालनाकडे सोपवला. त्या आकड्याला ताडून पाहायला दुसरा सौदाच नाही. आपल्याकडच्या सावंतवाडीच्या गंजिफेचंही वेगळं आहे. चितारींनी हाताने रंगवलेला जुना दशावतारी संच म्हणजे १२० गोल पत्त्यांचं एकमेव काम, त्याला ‘मुद्रण’ नाहीच. मात्र सावंतवाडीच्या राजवाड्यात ही कला पुन्हा उभी राहिली असल्यामुळे नव्या संचाचा हिशेब करायला भक्कम पाया आहे: किती दिवस लागले, किती हात लागले, रंग-लाखेचा खर्च किती. करणारा समोर बसलेला असतो आणि पैसा त्याच्या हाती जातो. तिथे घासाघीस करून भाव पाडणं अन्याय्य आहे, कारण त्यातून कलाकाराचे श्रम कापले जातात. छपाई थांबलेल्या टॅरोला हा श्रमाचा पाया लावता येत नाही. चढलेल्या भावातला एक पैसाही सहसा करणाऱ्याकडे पोचत नाही.

यावर पहिला आक्षेप बाजारवाद्यांचा असतो: देणारा राजी, घेणारा राजी, मग वाजवी-गैरवाजवी ठरवणारे तुम्ही कोण? राजीखुशीच्या सौद्यात तिसऱ्याने लुडबुड करू नये हे मला मान्य आहे. पण राजी होण्यासाठी कशाला राजी होतोय हे कळावं लागतं. १९७० च्या दशकातला संच १९२० चा समजून घेणारा माणूस त्या संचाला राजी झालेला नसतो, वर्णनाला राजी झालेला असतो. दोन्ही बाजूंना मुद्रण, अवस्था आणि अलीकडच्या विक्रीचे आकडे माहीत असतील, आणि तरीही एखादी व्यक्ती ११५ च्या जागी ३०० डॉलर देत असेल, कारण तिला तो याच महिन्यात हवा आहे, तर माझी काही तक्रार नाही. तो तिचा निर्णय झाला. फक्त त्या ३०० ला उद्या बाजारभाव म्हणून मिरवू नये.

दुसरा आक्षेप नेमका उलट बाजूने येतो. तीस डॉलरला घेतलेली वस्तू तीनशेला विकणं हीच नफेखोरी आहे, छापील किमतीवर फार तर महागाईची भर घालावी, असं पुष्कळांना वाटतं. भारतात ही भावना जास्तच खोल आहे, कारण खोक्यावरच्या एमआरपीलाच न्याय्य किंमत समजण्याची सवय आपल्याला लागली आहे. ही भावना तुच्छ लेखण्यासारखी नाही. काहनेमन, नेच आणि थेलर यांनीच १९८६ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली होती. मोठी हिमवृष्टी झाल्यावर दुसऱ्या सकाळी दुकानदाराने बर्फ उपसण्याच्या फावड्याचा भाव १५ वरून २० डॉलर केला, हे योग्य का? ८२ टक्के लोकांनी ते अन्याय्य ठरवलं. अडलेल्याच्या गरजेवर पोळी भाजून घेणं माणसाला खुपतं, आणि खुपायलाच हवं. पण फावड्यावाचून दार उघडत नाही, टॅरोवाचून कोणाचं अडत नाही. हिमवृष्टीतलं फावडं उद्या कारखान्यातून पुन्हा येणार असतं, हा संच येणार नसतो. छापील किमतीची सक्ती केली तर होईल एवढंच, की ज्यांच्याकडे हे संच आहेत ते कपाटातून बाहेरच काढणार नाहीत, किंवा पहिल्याने स्वस्तात घेऊन दुसऱ्याला आतल्या आत चढ्या भावाने विकावा हा खेळ सुरू होईल. ज्याने वीस वर्षं संच कोरडा, पुरा आणि स्वच्छ ठेवला, त्याच्या त्या जपणुकीलाही काही मोल आहे. आक्षेपात एक गोष्ट मात्र खरी आहे. नवा मर्यादित संच निघताच दहा-वीस प्रती उचलायच्या, प्रकाशकाकडचा साठा संपला की दुसऱ्या दिवशी तिप्पट भाव लावायचा, हा उद्योग हिमवृष्टीतल्या दुकानदाराच्या जवळचा आहे. तिथे टंचाई विक्रेत्यानेच निर्माण केलेली असते. स्वतंत्र चित्रकारांनी एका माणसाला एक-दोन प्रतींची मर्यादा घातली तर ती योग्यच आहे.

तिसरा आक्षेप महाराष्ट्रात हमखास येणार, आणि यावाही: मुळात भविष्य सांगण्याच्या पत्त्यांना मोल कसलं? पत्त्यांतून भविष्य कळतं याला कसलाही आधार नाही, हे स्पष्टच म्हणायला हवं. टॅरो पंधराव्या शतकात उत्तर इटलीत खेळ म्हणून जन्मला. त्याच्यावर गूढ अर्थांची चादर अठराव्या शतकाच्या अखेरीला फ्रान्समध्ये चढवली गेली. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ मायकेल डमेट यांनी १९८० मध्ये या खेळाचा सविस्तर इतिहास लिहून हे नीट मांडलं. फ्रान्स-ऑस्ट्रियात लोक आजही या पत्त्यांनी डाव खेळतात. तेव्हा संचाचं मोल चित्रात, छपाईत, इतिहासात आणि उरलेल्या प्रतींच्या संख्येत आहे, आणि त्या सगळ्या गोष्टी तपासता येतात. याच निकषातून एक कडक नियम निघतो. संच ‘सिद्ध’ केलेला आहे, अमुक गुरूंच्या हातचा आहे, पौर्णिमेच्या चांदण्यात ठेवून ‘ऊर्जा भरलेला’ आहे, म्हणून जास्त पैसे, असं कोणी सांगत असेल तर त्या जास्तीच्या पैशांचा वाजवी भाव शून्य आहे. जे तपासता येत नाही त्याचे पैसे मागू नयेत आणि देऊही नयेत.

सर्वांत वजनदार आक्षेप चित्रकाराच्या बाजूचा आहे, आणि त्याला माझ्याकडे अर्धंच उत्तर आहे. पामेला कोलमन स्मिथ यांनी १९०९ च्या नोव्हेंबरात छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांना पत्र लिहून कळवलं होतं, की मोठं काम नुकतंच हातावेगळं केलं, पण पैसा फार थोडा मिळाला. त्या चित्रांवर पुढे शंभर वर्षं प्रकाशक जगले, पण १९५१ मध्ये कॉर्नवॉलमधल्या ब्यूड इथे त्या वारल्या तेव्हा डोक्यावर कर्ज होतं. आज त्यांच्या पहिल्या मुद्रणाच्या संचावर संग्राहक जी रक्कम मोजतात तिच्याकडे पाहिलं की कोणताही ‘वाजवी’ भाव तोंडावर थप्पड मारल्यासारखा वाटतो. पुनर्विक्रीत चित्रकाराला वाटा मिळावा ही कल्पना नवी नाही. फ्रान्सने १९२० मध्ये तसा कायदा केला, २००१ मध्ये युरोपीय संघाने तो आपल्या देशांसाठी सामायिक केला. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही ५३अ हे कलम आहे. मूळ चित्र, शिल्प, रेखाटन वा हस्तलिखित १० हजार रुपयांहून जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं तर कर्त्याला १० टक्क्यांपर्यंत वाटा देण्याची तरतूद त्यात आहे. पण ते सगळं मूळ कलाकृतीसाठी. हजारोंनी छापलेला पत्त्यांचा संच त्यात बसत नाही. युरोपीय नियमात सही-क्रमांकाच्या मर्यादित प्रती येऊ शकतात, तेवढाच अपवाद.

छापील संचांनाही असा वाटा सक्तीने लावावा असं मी म्हणणार नाही. शंभर-दोनशे डॉलरच्या घरगुती सौद्यांचा हिशेब ठेवायला जो खर्च येईल तो चित्रकाराच्या वाट्याहून मोठा होईल. हयात चित्रकाराला पैसे मिळवून देणारी वाट पुनर्मुद्रणाची आहे, आणि त्या वाटेवर विक्रीच्या खऱ्या नोंदी उपयोगी पडतात. एखाद्या संपलेल्या संचाला वर्षभरात किती वेळा, किती रकमेला खरंच गिऱ्हाईक मिळालं हे दाखवता आलं, तर चित्रकार प्रकाशकापुढे आकडे ठेवून बोलू शकतो, किंवा आगाऊ नोंदणी घेऊन स्वतःच पुन्हा छापू शकतो. फुगवलेल्या मागणीच्या यादीवर विसंबून कोणताही शहाणा प्रकाशक पाच हजार प्रती छापायला घेणार नाही. म्हणून विकणाऱ्याने आपल्या वर्णनात प्रकाशक, मुद्रणाचं साल वा गट, मोजून पाहिलेले ७८ पत्ते, खोकं आणि पुस्तिका आहे की नाही, वापर किती झाला, एवढं लिहावं. सौदा झाल्यावर ठरलेली खरी रक्कम संग्राहकांच्या मंडळींत सांगावी. घेणाऱ्याने पैसे देण्याआधी सूर्याच्या पत्त्याचा, पाठीचा आणि खोक्याच्या तळाचा जवळून काढलेला फोटो मागावा. तो द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडून पहिल्या मुद्रणाच्या भावाने काहीही घेऊ नये.